‘काही नाही’ म्हणणाऱ्या लेकराशी बोलायचं कसं

"काय झालं?"
"काही नाही."
"कुणी काही बोललं का?"
"नाही."
"मग तोंड कामून असं?"
"काही नाही म्हटलं ना!"

हा संवाद आमच्या घरात इतक्या वेळा झालाय की धाकटी आता माझा आवाज काढून दोन्ही बाजू एकटीच म्हणून दाखवते.

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दिवसभर वर्गातल्या लेकरांशी बोलून घसा बसतो आणि घरी आले की स्वतःच्या दोन लेकरांपुढं अडखळते. थोरला लातूरला बारावीला आहे, धाकटी सहावीत. पुढं जे लिहिलंय ते थोडं प्रशिक्षणांत ऐकलेलं, बरंच वर्गात बघितलेलं आणि सगळ्यात जास्त घरी चुकून शिकलेलं आहे. शक्यतो क्रमानं करा. पहिल्या तीन पायऱ्या सोडून एकदम पाचवीवर उडी मारली, तर लेकरू संशयानं बघतं आणि विचारतं, "आज काय झालंय तुला?"

पायरी १ : एक दिवस आपलंच बोलणं मोजा

दुधाचा हिशोब लिहितो त्या वहीचं मागचं पान घ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत लेकराशी बोललेलं प्रत्येक वाक्य एका शब्दात टिपा. मी केलं होतं. ऊठ. दूध संपव. वेणी घालून घे. डबा घेतलास? स्वाध्याय झाला? पेपर दिले का तपासून? मोबाइल ठेव. पंखा बंद कर. झोप आता.

रात्री पानावर हुकूम, चौकशी आणि शेरे अशा तीन रांगा केल्या. ("पसारा बघ तुझा" हा शेरा.) तिन्हींत न बसणारी चार वाक्यं उरली, त्यातलं एक मांजराबद्दल होतं.

याचा अपराध वाटून घेऊ नका. घर चालवायचं तर हुकूम सोडावेच लागतात. पण आपण तोंड उघडलं की त्यातून काहीतरी काम किंवा तपासणीच निघणार, हे लेकराला ठाऊक झालेलं असतं, म्हणून ते ‘काही नाही’चं दार आधीच लावून घेतं. या आठवड्यात काही बदलायचं नाही. फक्त मोजायचं.

पायरी २ : समोर बसवू नका, शेजारी बसा

"इकडं ये, बस, तुझ्याशी बोलायचंय" हे वाक्य ऐकलं की मोठ्या माणसाच्यासुद्धा पोटात गोळा येतो. समोर बसवलं, डोळ्यांत बघितलं, की लेकराला चेहरा सांभाळत बसावं लागतं आणि सगळी ताकद त्यातच जाते.

आपल्याकडं मनातलं बोलणं नेहमी हात कामात असतानाच झालंय. तुरीच्या शेंगा सोलताना, मेथी निवडताना, वट्ट्यावर भुईमूग फोडताना. नजर कामावर असते, मध्येच गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. शेत-अंगण नसलेल्या घरात कपड्यांच्या घड्या, किराणा डब्यांत भरणं, ओली भांडी पुसणं हीच कामं तशी आहेत. फक्त काम खरं हवं. बोलायचा बहाणा म्हणून काढलेलं काम लेकरू लगेच ओळखतं.

वेळ निवडायलाही शिकावं लागतं. शाळेतून आल्या आल्या विचारू नका, आधी खाऊ द्या. वाटीभर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ) किंवा भाकरीचा चतकोर आणि शेंगदाण्याची चटणी पोटात गेल्याशिवाय आमच्या धाकटीकडून दिवसाची बातमी येत नाही. चौदा-पंधराच्या पुढच्या पोरांचं वेगळंच. त्या वयात शरीराचं घड्याळ पुढं सरकतं, झोप आणणारा मेलाटोनिन उशिरा तयार होतो. म्हणून आपल्याला जांभया यायला लागल्या की रात्री अकराला पोरगं दारात उभं राहून म्हणतं, "आई, एक सांगू?" त्या वेळी "सकाळी बघू" म्हणालात तर सकाळी काही नसतं. रोज जागणं जमत नाही, पण आठवड्यातून दोन रात्री तेवढी जागा ठेवा.

उन्हाळ्यात गच्चीवर नाहीतर माळवदावर अंथरुणं पडतात तेव्हा, आणि लाइट गेल्यावर, फार चांगलं बोलणं होतं. अंधारात चेहरा दिसत नाही. एरवी लाइट गेली की मी महावितरणच्या नावानं ओरडते. तेवढ्या एका कारणासाठी कधीकधी ओरडत नाही. तसाच ‘वेळ अमावस्या’ या सणाचा दिवस. लातूर-धाराशिवकडं आणि आमच्या भागातही घरदार शेतात जातं, कडब्याच्या कोपीजवळ बसून भज्जी आणि आंबील खातं. जेवल्यावर माणसं बांधाच्या सावलीला लवंडतात, तो अर्धा तास वाया घालवू नका.

सकाळची घाई, पाहुण्यांसमोर आणि परीक्षेची आदली रात्र, या तीन वेळा सोडूनच द्या.

पायरी ३ : विचारायच्या आधी सांगा

एकच पायरी करायची झाली तर ही करा.

आपण लेकराला "तुला काय वाटतं ते सांग" म्हणतो आणि स्वतःला काय वाटलं ते वर्षानुवर्षं सांगत नाही. मग त्याला ते करायचं कसं हे कळणार कुठून? त्यानं कधी घरात बघितलेलंच नसतं. म्हणून रोज एक छोटी गोष्ट आपल्या दिवसातली सांगा. घडलेलं एक आणि त्या वेळी आत काय झालं ते एक. "आज केंद्रप्रमुख अचानक आले. माझा फळा अर्धा पुसलेला. छातीत धडधडायलं होतं, खडू हातातून पडला." एवढंच. शेवटी ‘म्हणून तू पण तयारीत राहत जा’ हे शेपूट जोडायचं नाही. जोडलंत की गोष्टीचा धडा झाला आणि लेकरू उठलं.

माझ्या सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या तिथंच होत्या. गणपती आदल्याच दिवशी बोळवलेले. लग्न होऊन मी या घरात आले त्याला वीस वर्षं झाली, पण त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी चार वाक्यांच्या वर सांगितलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात वट्ट्यावर आम्ही तुरीच्या शेंगा सोलायलो होतो. रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर गेला, जमीन थरथरली आणि सासूबाईंचा हात थांबला. मग आपणहून म्हणाल्या, "किती वर्षं झाली, पण असं गेलं की अजून मला पहाट आठवते. तेव्हा चार महिने घरात झोपले नाही मी. भिंत दिसली की भ्या वाटायचं."

धाकटीनं विचारलं, "आजी, तू घाबरायचीस?" तिच्या लेखी आजी म्हणजे सापाला काठीनं उचलून बांधापलीकडं टाकणारी बाई.

"लई," आजी म्हणाल्या आणि परत शेंगा सोलायला लागल्या.

पाच-सात शेंगा झाल्या असतील. धाकटी खाली बघतच बोलली, "मला व्हॅनमधी भ्या वाटतं. काका फोनवर बोलत गाडी चालवतात." सहा महिने ती सकाळी व्हॅनच्या वेळेला पोट दुखतं म्हणत होती. मी ओवा देत होते.

कुणी विचारलं नव्हतं. आजीनं आधी आपलं सांगितलं होतं, एवढंच.

आता माप. मोठ्यांनी सांगायचं म्हणजे सगळं ओझं लेकराच्या डोक्यावर ओतायचं असं नाही. कर्जाचा आकडा, नवरा-बायकोचं भांडण, "माझं काही खरं नाही" असली वाक्यं त्याच्या वयाची नाहीत. पण शेतकऱ्याच्या घरात गप्प राहूनही भागत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर माल त्याच्या बराच खाली जात होता. बाजारातून आलेला बाप पायातलं काढून न बोलता आत जातो. लेकरू त्याचा अर्थ आपल्या परीनं लावतं: आपले मार्क कळले वाटतं, मी सायकल मागितली म्हणून चिडले वाटतं. तिथं तीन गोष्टी सांगायच्या. काय झालं, ते तुझ्यामुळं नाही आणि आम्ही काय करायलोय. "भाव पडलाय म्हणून मला घोर लागलाय. तू काही केलं नाहीस. अर्धा माल ठेवलाय, पुढं बघू." तीन वाक्यांत लेकराच्या अंगावरचं दडपण उतरतं.

पायरी ४ : प्रश्न बारीक करा

"कसा गेला दिवस?" याचं उत्तर "चांगला" हेच असतं. प्रश्न एवढा मोठा की लेकराला त्याचं टोकच सापडत नाही. त्यापेक्षा बारीक विचारा. आज डबा कुणासंगं खाल्ला? आज वर्गात सगळ्यात जास्त कोण ओरडलं? खो-खोत कुणाला आधी बाद केलं? एका वेळी एकच. दुसरा प्रश्न तोंडावर आला तर गिळा.

‘कामून’ (म्हणजे ‘का’, ‘कशाला’) हा शब्द मात्र जपून वापरा. "कामून मारलंस त्याला?" यात प्रश्न कमी आणि फिर्याद जास्त. लेकरू लगेच वकील होतं. "काय काय झालं, पहिल्यापासनं सांग" म्हटलं की ते साक्षीदार होतं, आणि साक्षीदार बरंच खरं बोलतो.

मोठ्या पोरांना बऱ्याचदा काही न विचारणंच बरं. खोलीत चहा नेऊन ठेवा, दोन मिनिटं खिडकीशी उभ्या राहा आणि परत या. चार दिवसांतून एकदा तरी ते थांबवतात.

पायरी ५ : भावनेला आपल्या बोलीतला शब्द द्या

शाळेत कधीकधी भावनांचे गोल चेहरे असलेले तक्ते येतात. आनंदी, दुःखी, रागीट, घाबरलेला. चार चेहऱ्यांत लेकराचं मन बसवायला निघालो आपण! आणि आपल्या बोलीत बघा काय काय पडलंय. हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, खजील होणं, वरमणं. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, घालमेल. घोर लागणं, धास्ती घेणं, जीव टांगणीला लागणं, काळजात धस्स होणं. कसंनुसं वाटणं, उबग येणं, जीव कातावणं. हुरळून जाणं, मोहरणं, जिवात जीव येणं.

हे शब्द पर्यायी नाहीत. सहलीला जायला मिळालं नाही म्हणून लेकरू हिरमुसतं. चूक पकडली गेली की ओशाळतं. मैत्रिणीला रागानं बोलून आल्यावर रात्री जे टोचतं ती रुखरुख. तिन्ही वेळा आपण म्हणतो, "रडू नको." तिन्हींवर इलाज मात्र वेगळा आहे. हिरमुसलेल्याला वेळ द्यावा लागतो, ओशाळलेल्याला चारचौघांतून बाजूला न्यावं लागतं आणि रुखरुख लागलेल्याला माफी कशी मागायची ते शिकवावं लागतं.

मेंदूचे फोटो काढून केलेल्या अभ्यासांत असं दिसलंय की भावनेला शब्द मिळाला की भीती-रागाच्या वेळी पेटणारा अमिग्डाला हा भाग निवळतो. आपल्या आज्या हे फोटो न बघताच "जीव घाबरा झालाय का रं बाळा?" म्हणून पाठीवरून हात फिरवत होत्या.

करायचं कसं? लहान लेकराबरोबर अंगापासून सुरुवात करा. पाच-सहा वर्षांच्या लेकराला ‘चिंता’ कळत नाही, पण "पोटात पाखरं उडायलीत का?", "घशात काही अडकल्यासारखं होतंय का?", "हाताच्या मुठी कामून वळल्यात, राग आलाय का?" हे कळतं. (हो, इथं मीच ‘कामून’ म्हणते. लाडात म्हटलेला चालतो.) मोठ्या लेकरापुढं शब्द हळूच ठेवा, चिकटवू नका. "तुला मत्सर वाटायलाय" हा निकाल झाला. "जरा जळल्यासारखं झालं का? मला झालं असतं" ही विचारणा. चुकीचा शब्द ठेवलात तरी बिघडत नाही, लेकरू दुरुस्त करतं, आणि दुरुस्त करता करता बोलतं.

पोरांच्या बाबतीत एक गोष्ट घरात बंदच करून टाका: "पोरीसारखं काय रडतोस." हे ऐकलेलं पोरगं रडणं सोडत नाही, न्हाणीघरात नळ सोडून रडतं. आणि पुढं त्याला राग ही एकच भावना घरात परवडते.

पायरी ६ : ऐका, आणि हात चालू ठेवा

माझं चुकलेलं आधी सांगते. मेथी निवडायलो होतो.

"आई, ती आता माझ्यासंगं बसत नाही."

"अगं मग दुसरी मैत्रीण कर. वर्गात एवढ्या पोरी आहेत. आणि तूच काहीतरी टोचून बोलली असशील, तुला सवयच आहे."

एका दमात सल्ला, वर वाटेला लावणं आणि शेवटी आरोप. ती अर्धी जुडी तशीच टाकून उठून गेली.

चार दिवसांनी परत तोच विषय निघाला. नशीब म्हणायचं, कारण दुसरी संधी दर वेळी मिळत नाही.

"ती डबापण तिकडंच खाते."

"तिकडं म्हणजे?"

"त्या दोघींसंगं. मी गेले की गप होतात."

मी काड्या मोडत राहिले. मनात दहा पर्यंत मोजलं.

"लई एकटं वाटत असेल मग."

"एकटं नाही वाटत. लाज वाटते. सगळे बघतात ना मला एकटीला."

माझा अंदाज चुकला होता. दुखत होतं ते मैत्रीण गेल्याचं नव्हतं, चारचौघांत उघडं पडल्याचं होतं. दुसरी मैत्रीण कर हा माझा सल्ला म्हणूनच कुचकामी होता.

मग विचारलं, "मी नुसतं ऐकू, का काही करू?"

"नुसतं ऐक. बाईंना सांगू नको."

मी स्वतः बाई असल्यानं हे जड गेलं. पण सांगितलं नाही. आठवडाभरानं दोघी परत एका बाकावर होत्या; त्यात माझा काडीचा हात नाही.

तो एक प्रश्न, "नुसतं ऐकू, का काही करू?", जसाच्या तसा वापरा. आणि चार गोष्टी तोंडाशी येतील त्या परत ढकला. उपदेश. तुलना ("काकूंचा पोरगा बघ"). "आमच्या वेळी" हे प्रकरण; आमच्या वेळी आम्हीही आईला काही सांगत नव्हतो, हे सोयीनं विसरलेलं असतं. आणि खिल्ली. चौथी सगळ्यात वाईट, कारण ती प्रेमानं केलेली असते. सहावीतल्या पोरानं कुणी आवडतं म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी मामा-मावशीपर्यंत हसण्यावारी बातमी गेली, की त्या घरातलं बोलणं दहा वर्षं बंद.

पायरी ७ : आईनं टपाल वाहणं बंद करावं

आपल्याकडं लेकरू बापाशी थेट बोलत नाही. "मम्मी, पप्पाला सांग ना सहलीचे पैसे." पप्पांचं उत्तरही त्याच वाटेनं येतं: "सांग त्याला, अभ्यास कर म्हणावं." आई म्हणजे पोस्ट ऑफिस. वर्षानुवर्षं असं चाललं की पोरगं विशीत जातं आणि बापाजवळ बसल्यावर दोघांना बोलायला फक्त पाऊस असतो.

हे मोडायचं ते हळू. लेकराला म्हणा, "चल, मी संगं बसते, तू सांग." बापाला आधी एकट्यात एवढंच सांगा की लगेच हो-नाही म्हणू नका, "उद्या सांगतो" म्हणा आणि उद्या खरंच सांगा. बहुतेक बापांना बोलायचं असतं, पण तोंडात पहिलं येतं ते ‘नाही’, आणि एकदा नाही म्हटल्यावर माघार कशी घ्यायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

आमच्या घरात हे काम मोटारसायकलनं केलं. शनिवारी दुपारी हे शेतात जाताना धाकटीला मागं बसवून न्यायला लागले. ती त्यांच्या पाठीशी बोलते. पाठ रागावत नाही, भुवया उंचावत नाही. हे मधूनमधून "हं" म्हणतात आणि खड्डा आला की "धर नीट". परत येईपर्यंत मला माहीत नसलेल्या तीन गोष्टी यांना माहीत असतात. पहिल्या महिन्यात मला थोडं लागलं ते. पोस्टाची नोकरी गेल्यासारखं.

मोबाइलबद्दल दोनच ओळी. लेकरू बोलायला आलं की आपला फोन पालथा ठेवा. आणि त्याचा फोन गुपचूप बघू नका. बघायचाच असेल तर सांगून बघा.

पायरी ८ : फाटलं तर शिवायचं कसं

हे सगळं करूनही एक दिवस तुम्ही ओरडणार, हात उगारणार किंवा नको ते बोलून जाणार. थोरला दहावीत असताना पाहुणे बसले होते, मी चहा देता देता हसत म्हणाले, "आमच्या साहेबांना पूर्वपरीक्षेत गणितात सव्वीस पडलेत." पाहुणेही हसले. तो पाण्याचे पेले घेऊन उभा होता, ते टेबलावर ठेवून आत गेला. दोन दिवस बोलेना झाला.

तिसऱ्या रात्री गच्चीवर गेले. म्हणाले, "परवा पाहुण्यांपुढं मी तुझे मार्क सांगितले. ते तुझे होते. मी सांगायला नको होते. चुकलं माझं." त्यापुढं जिभेवर "पण तू पण जरा अभ्यास…" आलं होतं, ते गिळलं. माफीत ‘पण’ आला की माफी परत घेतल्यासारखी होते. तो फक्त "बरं" म्हणाला. त्याच्याकडून मिठी वगैरे अपेक्षित असेल तर सोडून द्या, आपली पोरं ‘बरं’वरच भागवतात. पंधरा दिवसांनी एका चाचणीचा कागद त्यानं आपणहून ओट्यावर आणून ठेवला. सतरा होते त्यात.

माफी मागितली तर लेकरू डोक्यावर बसेल ही भीती मला शिक्षक म्हणूनही होती. तसं झालेलं मी तरी बघितलं नाही. उलट माफी कशी मागायची ते त्यांना दुसरीकडं कुठं बघायला मिळत नाही.

राग उसळलेला असताना समजावू नका, आपलाही आणि त्याचाही. विचार करून थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. पंधराव्या वर्षी संतापात तो हाताशी नसतोच. "मी आत्ता लई तापलेय, जेवणानंतर बोलू" म्हणून बाजूला व्हा. आणि जेवणानंतर बोला, विसरू नका. शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या, २००९ च्या कायद्याच्या, कलम १७ नं बंद आहे. घरावर ते कलम लागू नाही, पण मार खाल्लेलं लेकरू पुढच्या वेळी कमी चुकत नाही, जास्त लपवतं. हे मी दोन्हीकडं बघितलंय.

पायरी ९ : आपल्याच्यानं होत नाही तेव्हा

झोप उडणं किंवा दिवसभर झोपणं, जेवण तुटणं, आवडीचं खेळणं-बोलणं सुटणं, सारखं पोट-डोकं दुखणं, चिडचिड. यातलं काही दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरकडं न्या. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालतो, आमच्याकडं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. "वेड लागलंय का" म्हणणारे नातेवाईक निघतीलच. त्यांना सांगू नका, संपलं.

लेकरू मरणाची भाषा बोललं, जवळच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, एकदम निरोप घेतल्यासारखं वागलं तर स्पष्ट विचारा: "मरून जावं असं मनात येतंय का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट विचारलं की सुटल्यासारखं होतं. एकटं सोडू नका. टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, फुकट आणि मराठीतून चालतो. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू केला. आणि शेतकऱ्याच्या प्रत्येक घरानं आजच एक करावं: फवारणीची औषधं माळ्यावर, पलंगाखाली ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली मोठ्यांकडं.

कुणी नको तसा हात लावला असं लेकरानं सांगितलं, तर पहिलं वाक्य "बरं केलंस सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही" हे. नातं, गाव, इज्जत यांचा विचार नंतर. खोदून खोदून परत परत विचारू नका. १०९८ या लेकरांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारकही आहे.

पायरी १० : लेकरू लांब असेल तर

मराठवाड्यात ही पायरी वगळून चालत नाही. दसरा-दिवाळीला बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. लेकरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. दुसरीकडं दहावी झाली की पोरं लातूरला खोली करून राहतात, नीटच्या ७२० मार्कांच्या मागं. कारणं वेगळी, पण संध्याकाळचा फोन दोघांनाही सारखाच.

माझ्या वर्गातल्या एका पोरीची आई फडावरून रोज सात वाजता फोन करायची. मिनिटभर. पण सातलाच. पोरगी पावणेसातपासून फोन हातात घेऊन बसायची. कधीतरी येणाऱ्या तासाभराच्या फोनपेक्षा ठरलेला एक मिनिट लेकराला जास्त धरून ठेवतो. रेंज नसेल त्या दिवसाचं आधीच सांगून ठेवावं. त्या मायनं आणखी एक केलं होतं. "शाळा शिक" म्हणायच्या ऐवजी ती फडावरचं सांगायची: आज कोल्हं दिसलं, आज बैल बसला, आज तुझी लई आठवण आली तेव्हा मोळी बांधत होते. पायरी ३ मी तिच्याकडूनच शिकले म्हणा ना.

लेकरू लातूरला असलेल्यांसाठी: फोन चाचणीच्या मार्कांनी सुरू करू नका. "जेवलास का?" हा आपला खरा प्रेमाचा प्रश्न आहे, तो सोडू नका, फक्त वाढवा. काय होतं मेसला? कुणासंगं गेलास? भाजीला चव होती का? तिथून तो आपोआप खोलीतल्या पोरांवर येतो आणि मग स्वतःवर.

फोनवर न बोलणाऱ्यांना चिठ्ठी चालते. आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीनं थोरल्याचा डबा जातो. मी त्यात एक चिठ्ठी घालते, चार ओळींची. मांजराला पिल्लं झाली, आजीचा गुडघा दुखतोय, वर्गात आज मला उगीच रडू आलं. प्रश्न एकही नाही. पहिले दोन महिने रिकामा डबा नुसता धुऊन यायचा. तोही नीट धुतलेला नसायचा. मागच्या गुरुवारी झाकण उघडलं तर माझ्याच चिठ्ठीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं: "मेथी लई खारट होती. फिजिक्सचं पण तसंच चाललंय. रविवारी येऊ का?"